वसई-मुंबईच्या जुन्या जमीन-कागदांचा खाजगी संग्रह कसा लावावा

उत्तर कोकणातल्या पुष्कळ गावांत एखादे निवृत्त शिक्षक, वकील किंवा पोस्टमास्तर आयुष्यभर गावाचा इतिहास जमवत बसलेले असतात. त्यांच्या पश्चात घरच्यांसमोर एक लोखंडी कपाट, दोन ट्रंका आणि सुतळीने बांधलेले गठ्ठे उरतात. त्यात पोर्तुगीज कागदांच्या पिवळ्या पडलेल्या झेरॉक्स असतात, मोडी कागद असतात, इंग्रजी खरेदीखतांच्या नकला असतात, हाताने काढलेले शेतांचे नकाशे असतात आणि या सगळ्याला जोडणाऱ्या, फक्त त्यांनाच कळणाऱ्या खुणांनी भरलेल्या वह्या असतात. असा संग्रह ज्यांच्या हाती येतो ते नातेवाईक, ग्रंथालयाचे कार्यकर्ते किंवा विद्यार्थी यांच्यासाठी हा लेख आहे. विषय मुद्दाम एकाच प्रकारच्या संग्रहापुरता ठेवला आहे: वसई, साष्टी आणि मुंबई येथे आलेल्या पोर्तुगीज व सुरुवातीच्या इंग्रजी वसाहतकारांच्या, आणि त्यांच्याबरोबर येथे वसलेल्या लोकांच्या जमिनींची दप्तरे.

कागद उघडण्यापूर्वी काळाचा सांगाडा डोक्यात असावा लागतो, नाहीतर कोणता कागद कोणत्या राजवटीतून आला हेच ओळखता येत नाही. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला प्रदेश पोर्तुगीजांना दिला. मुंबईची बेटेही त्यातच गेली. पोर्तुगीजांनी गावेच्या गावे आपल्या लोकांना ठरावीक वार्षिक खंडावर, बहुधा एक किंवा तीन हयातींच्या बोलीने, लावून दिली. या खंडाला ते फोरो म्हणत. महसुलाचे अधिकारी सिमाव बोतेल्यो यांनी १५५४ मध्ये या उत्पन्नांची मोठी नोंदवही, म्हणजे तोंबो, तयार केला. तो १८६८ मध्ये लिस्बनला छापला गेला, आणि स्थानिक संशोधकांच्या वह्यांत दिसणारे बहुतेक जुने उतारे त्या छापील प्रतीवरूनच आलेले असतात, ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

यानंतर दोन वाटा फुटतात, आणि संग्रह लावणाऱ्याने हीच गोष्ट सर्वांत पक्की लक्षात ठेवावी. मुंबई १६६१ च्या विवाहतहाने इंग्रज राजाकडे गेली, फेब्रुवारी १६६५ मध्ये तिचा प्रत्यक्ष ताबा दिला गेला आणि १६६८ मध्ये राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने ईस्ट इंडिया कंपनीला दिली. जमिनी कोणाच्या, यावरून जुन्या धारकांशी झालेला वाद गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी १६७२ मध्ये ठराव करून मिटवला. हा ठराव १६७४ मध्ये कायम झाला. रहिवाशांनी मिळून दरसाल २०,००० झेराफीन (पोर्तुगीज अंमलातले नाणे) भरावेत आणि जमिनी त्यांच्याकडेच राहाव्यात, असा त्याचा गाभा होता. म्हणून मुंबईत पोर्तुगीज काळापासून आजपर्यंत हक्काचा धागा, विरळ का होईना, सलग आहे. वसईत मात्र मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला आणि पोर्तुगीज पट्टेदारांचे हक्क तेथेच संपले. त्यापुढचे दप्तर मराठी अंमलाचे, मोडीतले आणि वेगळ्या हिशेबाचे आहे. साष्टी डिसेंबर १७७४ मध्ये मराठ्यांकडून इंग्रजांकडे गेली, त्यामुळे तिच्या कागदांत तिन्ही राजवटींचे थर सापडतात. मुंबईच्या कागदावर काम करण्याची रीत वसईच्या कागदाला लावली की चुका सुरू होतात.

पहिले काम: काहीही न हलवणे

पहिल्या दिवशी कपाटाचे, प्रत्येक खणाचे आणि प्रत्येक गठ्ठ्याचे जसे आहे तसे फोटो काढावेत. गठ्ठ्यावर काही लिहिलेले असेल, जुन्या लग्नपत्रिकेची पाठ लेबल म्हणून वापरली असेल, तर तीही टाकू नये. त्यानंतर खणाला क्रमांक, खणातल्या गठ्ठ्याला क्रमांक आणि गठ्ठ्यातल्या कागदाला क्रमांक द्यावा. उदाहरणार्थ, २-७-१४ म्हणजे दुसऱ्या खणातल्या सातव्या गठ्ठ्यातला चौदावा कागद. हा क्रमांक मऊ शिसपेन्सिलीने कागदाच्या मागे, कोपऱ्यात, हलक्या हाताने लिहावा. शाई, बॉलपेन आणि चिकटणारी लेबले या तिन्हींना कायमची बंदी असावी.

मी पहिल्यांदा असा संग्रह लावला तेव्हा एक गठ्ठा तारखांच्या क्रमाने लावून टाकला आणि स्वतःवर खूश झालो. आठवड्याभराने वही वाचताना कळले की त्या गृहस्थांनी एका पोर्तुगीज पट्ट्याची झेरॉक्स मुद्दाम एका मोडी कागदाशेजारी ठेवली होती, कारण दोन्ही कागद एकाच खाजणाविषयी, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीविषयी, होते. त्यांनी हे कुठेही लिहिले नव्हते. शेजार हीच त्यांची नोंद होती. फोटो काढलेले नसल्यामुळे तो गठ्ठा मला पुन्हा जुळवता आला नाही. तारखेप्रमाणे, गावाप्रमाणे किंवा आडनावाप्रमाणे यादी हवी तर ती वहीत किंवा संगणकावर करावी. कागद मात्र मूळ क्रमातच राहू द्यावेत.

घरच्यांशी निवांत बोलणे हाही याच टप्प्याचा भाग आहे. ते गृहस्थ कोणत्या दप्तरखान्यात जात, सुटीत पणजीला जात का, मोडी कोणाकडून वाचून घेत, एखादा गठ्ठा कोणी उसना नेला होता का, हे सगळे तारखेसह लिहून ठेवावे. संग्रह देणगी म्हणून दिला आहे की केवळ लावायला दिला आहे, हे एका साध्या पत्रावर घरच्यांच्या सहीने नक्की करून घ्यावे. दहा वर्षांनी वारस वाढलेले असतात.

कागदाची जात ओळखणे

प्रत्येक कागदासाठी एकच प्रश्न आधी विचारावा: हा कागद मूळ आहे की नक्कल, आणि नक्कल असेल तर कशाची? माझ्या नोंदवहीत यासाठी पाच खुणा आहेत. मूळ कागद, सही-शिक्क्याची खरी नक्कल, झेरॉक्स किंवा फोटोस्टॅट, हाताने उतरवून घेतलेली प्रत, आणि छापील पुस्तकातला उतारा. शेवटच्या दोन जाती सर्वांत फसव्या असतात. बोतेल्यो यांच्या तोंबोतली ओळ किंवा १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमधला परिच्छेद सुंदर अक्षरात वहीत उतरवलेला असतो आणि खाली स्थळाचा पत्ता नसतो. वाचणाऱ्याला तो अप्रकाशित कागद वाटतो, आणि अशा एका समजातून गावाच्या इतिहासावरची अर्धी पुस्तिका उभी राहते. संशयास्पद मजकूर आधी त्या छापील ग्रंथांशी ताडून पाहावा, मग बाकी.

मूळ कागद कुठे असण्याची शक्यता आहे, तेही नोंदीत यावे. पोर्तुगीज अंमलाची दप्तरे पणजीच्या पुराभिलेखागारात आणि लिस्बनच्या सरकारी अभिलेखागारांत आहेत. पणजीच्या संग्रहाची सुरुवात १५९५ मध्ये झाली आणि त्याचे पहिले रक्षक दियोगु दु कोउतु हे इतिहासकार होते. लिस्बनच्या मुख्य अभिलेखागाराच्या नावातच तोंबो हा शब्द आहे. मराठी अंमलाचे कागद पुण्याच्या पेशवे दप्तरात मिळतात. कंपनीचे मुंबईचे कागद एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्य अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. झेरॉक्सच्या कडेला दिसणारा अर्धवट शिक्का, पान क्रमांक किंवा ग्रंथपालाचे अक्षर यांवरून कागद कोणत्या जागेचा, हे पुष्कळदा ठरवता येते. म्हणून झेरॉक्सच्या कडा कधीही कापू नयेत.

गाव, माणूस आणि तारीख

नोंदी करताना खरी कसोटी या तीन रकान्यांत लागते, आणि येथे घाई केल्यास संपूर्ण सूची निरुपयोगी होते.

गावाच्या नावांपासून सुरुवात करू. पोर्तुगीज कागदात साल्सेत लिहिलेले दिसले की ती मुंबईशेजारची साष्टी आहे की गोव्यातली, हे लगेच सांगता येत नाही, कारण दोन्हींना एकच नाव आहे. आगासाइं म्हणजे विरारजवळचे आगाशी असू शकते आणि गोव्यातले आगशीही असू शकते. माहीम मुंबईचेही आहे आणि केळव्याजवळचेही. अशा वेळी कागदातली दुसरी दोन-तीन गावे, नदी, खाडी किंवा चर्चच्या संताचे नाव पाहून निर्णय करावा आणि निर्णय कशावरून केला ते नोंदीत लिहावे. सूचीत दोन वेगळे रकाने हवेत: एकात कागदावर जसे आहे तसे नाव, दुसऱ्यात आजचे नाव. पहिल्या रकान्यात एक अक्षरही सुधारू नये. बासाइं लिहिले असेल तर तेथे बासाइंच राहील, वसई दुसऱ्या रकान्यात जाईल.

माणसांच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका आडनावाचा आहे. फर्नांडिस किंवा परेरा दिसले म्हणून तो युरोपातून आलेला वसाहतकार ठरत नाही. धर्मांतराच्या वेळी धर्मपित्याचे आडनाव घेतलेली उत्तर कोकणातली शेतकरी, भंडारी आणि कोळी कुटुंबे त्याच आडनावांनी त्याच कागदांत वावरतात. माणूस वसाहतकार होता की स्थानिक, हे आडनावापेक्षा त्यापुढच्या शब्दांवरून कळते. विवाह करून येथे स्थायिक झालेल्या पोर्तुगिजाला कझाद म्हणत, आणि कागदात बहुधा तो कुठला रहिवासी आहे तेही येते. दुसरी अडचण लेखकांच्या संक्षेपांची: रॉड्रिग्ज, फर्नांडिस, गोन्साल्विस ही नेहमीची आडनावे मोजक्या अक्षरांवर उरकलेली असतात. तिसरी गोष्ट, गावे हुंड्यात आणि वारशाने स्त्रियांकडेही जात. मुंबईचा ताबा दिला गेला तेव्हा मुख्य बेटाची धारक दोना इग्नेझ द मिरांदा ही विधवा होती. एकाच गावाच्या तीन पट्ट्यांवर तीन आडनावे दिसली तर जमीन विकली गेली असे गृहीत धरण्याआधी मुलगी आणि जावई शोधावेत.

तारखांचे तर पाच हिशेब एकाच ट्रंकेत भेटतात. पोर्तुगिजांनी सुधारित दिनदर्शिका १५८२ मध्येच स्वीकारली. इंग्रज १७५२ पर्यंत जुनीच चालवत होते आणि त्यांचे कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून मुंबईचा ताबा दिला गेला त्या फेब्रुवारीत इंग्रज कारकुनाने लिहिलेल्या कागदावर १६६४ असते आणि पोर्तुगीज कागदावर १६६५, शिवाय तारखेत दहा दिवसांचा फरक. १७०० नंतर हा फरक अकरा दिवसांचा होतो. मोडी कागदांत शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवावेत. सुहूर सन असेल तर तो मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला, बदलतो. जून ते डिसेंबरसाठी ५९९ आणि जानेवारी ते मृगापर्यंत ६०० मिळवावेत. फसलीसाठी हेच आकडे ५९० आणि ५९१ आहेत. सुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, पण त्याचे गणित सोपे आहे: तिसा म्हणजे नऊ, सलासीन तीस, मया शंभर, अलफ हजार; तिसा सलासीन मया व अलफ म्हणजे ११३९, आणि त्या सनाचा उन्हाळा म्हणजे वसई पडली तो १७३९ चा उन्हाळा. महिन्याच्या आधीचे छ हे अक्षर चंद्रतारीख दाखवते. येथेही नियम तोच: मूळ तारीख एका रकान्यात, काढलेली तारीख दुसऱ्यात.

पैशांची आणि मापांची रूपांतरे मात्र करूच नयेत. मुंबईचे जुने हिशेब रुपये, क्वार्टर आणि रेझ यांत आहेत. चार क्वार्टरचा रुपया आणि शंभर रेझचा क्वार्टर. झेराफीन, पारदाव ही नाणी आणि मुडा, वाव ही मापे जशी आली तशी लिहावीत. वाचनाच्या सोयीसाठी कोणीतरी पेन्सिलीने काढलेला रुपयांतला आकडा पुढच्या पिढीला मूळचा वाटतो.

जमिनीची साखळी

एखादा कागद आजच्या कोणत्या जमिनीचा, हा प्रश्न लोक पहिल्याच दिवशी विचारतात. त्याचे उत्तर शेवटी शोधावे, आणि आजपासून मागे जात शोधावे.

मुंबई शहरात हे काम शक्य आहे, कारण येथील जुन्या खरेदीखतांच्या परिशिष्टात क्रमांकांची मालिकाच दिलेली असते: कलेक्टरचा जुना क्रमांक, नवा क्रमांक, लॉटनचा सर्व्हे क्रमांक आणि सी. एस. (कॅडस्ट्रल सर्व्हे) क्रमांक. यांतला सी. एस. क्रमांक १९१५ च्या कायद्याने झालेल्या शहर मोजणीचा आहे; तो आजच्या मालमत्ता पत्रकावर सापडतो. लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात शहराची मोजणी केली आणि एका इंचाला चाळीस फूट या प्रमाणाचे नकाशे तयार केले. त्याही आधीची मोजणी डिकिन्सन यांनी सुरू केली आणि टेट यांनी १८२७ च्या सुमारास पूर्ण केली. म्हणून मालमत्ता पत्रकापासून सुरुवात करावी, तेथून लॉटनच्या नकाशावर जावे, मग कलेक्टरच्या क्रमांकांवर, आणि मगच जुन्या खंडाच्या याद्यांकडे वळावे. मालमत्ता पत्रकावरील धारणाप्रकार या प्रवासात फार मदत करतो. पेन्शन आणि टॅक्स असे लिहिले असेल तर त्या जमिनीचे मूळ ऑन्जियर यांच्या ठरावाच्या काळाकडे जाण्याची शक्यता आहे; हे पेन्शन म्हणजे निवृत्तिवेतन नव्हे, पोर्तुगिजांकडून आलेला खंडाचा शब्द आहे. फोरास लिहिले असेल तर ती जमीन भराव टाकून, कमी खंडावर लागवडीसाठी दिलेल्या खाजणांपैकी असते. या जमिनींसाठी १८५१ मध्ये स्वतंत्र कायदा झाला.

अठराव्या शतकाच्या मागे क्रमांक संपतात आणि चतुःसीमा सुरू होतात. पोर्तुगीज कागदात उगवतीला अमक्याची वाडी, मावळतीला खाडी, अशी भाषा असते. इंग्रजी कागद नारळीच्या वाडीला ओआर्ट म्हणतात आणि भातशेताला बॅटी ग्राउंड. एका जमिनीचे चारही शेजारी दुसऱ्या कागदांत सापडले की तिची जागा बऱ्यापैकी पक्की होते. यासाठी प्रत्येक सीमेसाठी वेगळा रकाना ठेवावा, कारण आज ज्या शेजाऱ्याचे नाव निरर्थक वाटते तोच उद्या दुसऱ्या गठ्ठ्यात धारक म्हणून समोर येतो.

वसईत हा प्रवास अर्ध्यावर थांबतो आणि तो तेथे थांबवणेच प्रामाणिकपणाचे आहे. सातबाऱ्यावरून मागे जात एकोणिसाव्या शतकातल्या सर्व्हे क्रमांकापर्यंत पोहोचता येते, नशीब असेल तर मोडी दप्तरातले गाव व धारक सापडतात. पण सोळाव्या शतकातला पोर्तुगीज पट्टा संपूर्ण गावाचा असतो आणि आजचा सातबारा काही गुंठ्यांचा. त्या दोघांमध्ये सरळ रेघ ओढणारी वंशावळ संग्रहात आढळली तर ती जपून ठेवावी, मात्र नोंदीत त्या संशोधकाचे मत म्हणून, पुरावा म्हणून नव्हे. साष्टीत आणखी एक पायरी येते: इंग्रजांनी काही गावे पुढे नव्याने इनाम किंवा खोतीने दिली आणि ते हक्क १९५१ च्या कायद्याने संपले. त्या इनामाची सनद आणि त्याआधीचा पोर्तुगीज पट्टा या वेगळ्या साखळ्या आहेत.

वाचन, जपणूक, प्रती

मजकूर उतरवताना तीन थर वेगळे ठेवावेत: कागदाचा फोटो, अक्षराला अक्षर उतरवलेला पाठ, आणि आजच्या मराठीतला अर्थ. न लागलेले अक्षर चौकोनी कंसात टिंबांनी दाखवावे. पाठ कोणी, कधी उतरवला ते खाली लिहावे. मोडीसाठी जाणकार मिळतात. सतराव्या शतकाच्या पोर्तुगीज अक्षरासाठी कमी मिळतात, आणि आजची पोर्तुगीज येते म्हणून ते अक्षर वाचता येतेच असे नाही.

जपणुकीत किनाऱ्यावरची हवा हाच मुख्य शत्रू आहे. पावसाळ्यात गठ्ठे उघडू नयेत. टाचण्या, रबर आणि चिकटपट्ट्या काढाव्यात, पण ओढून नव्हे. न निघणारी चिकटपट्टी तज्ज्ञासाठी सोडावी. लॅमिनेशन कधीही करू नये. जुन्या दप्तरखान्यांतला मांजरपाटाचा रुमाल आजही उत्तम आहे, आत आम्लरहित कागद घालावा. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेले नसावे. कसर किंवा वाळवी लागलेला गठ्ठा त्याच दिवशी वेगळा काढावा. जुन्या फॅक्स कागदावरच्या प्रती उडून जातात, त्यामुळे फोटो काढताना त्यांचा नंबर पहिला.

स्कॅन ४०० डीपीआयने करावे, मूळ फाइल टिफमध्ये ठेवावी आणि फाइलचे नाव म्हणजे कागदाचाच क्रमांक असावा. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांपैकी एक दुसऱ्या गावात.

कोणाला काय द्यावे

जमिनीच्या कागदांची बातमी वाऱ्यासारखी पसरते. संग्रह लावून होण्याआधीच कोणीतरी दावा चालू असल्याचे सांगत येतो. त्याला कागद वाचायला द्यावा, मात्र हक्क कोणाचा यावर मत देऊ नये आणि आपली झेरॉक्स प्रमाणित करून देऊ नये. प्रमाणित नक्कल मूळ कागद ज्या कचेरीत आहे तेथूनच मिळते, आणि नोंदणी झालेल्या जमीन-दस्तांच्या नकला नोंदणी कार्यालयात अर्ज करून कोणालाही घेता येतात. कोणी कोणता कागद पाहिला याची सहीसह वही असावी. संशोधकाच्या खाजगी पत्रांत हयात माणसांच्या भानगडी असतात. ती पत्रे वेगळ्या बंद गठ्ठ्यात ठेवावीत आणि घरच्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत उघडू नयेत. ७५ वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मूल्याची हस्तलिखिते १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरतात आणि ती खाजगी रीतीने देशाबाहेर पाठवता येत नाहीत, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला किंवा अभ्यासकाला स्कॅनच पाठवावे.

एखाद्या मूळ कागदावर सरकारी कचेरीचा शिक्का आणि दप्तराचा क्रमांक दिसला, तर तो कधीकाळी वाचायला आणून परत करायचा राहिलेला असू शकतो. तो गठ्ठ्यातून काढून त्याच्या जागी क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी, दोन्ही बाजूंचे स्कॅन करावे आणि घरच्यांना विश्वासात घेऊन संबंधित अभिलेखागाराला पत्र लिहावे. त्या चिठ्ठीवर कागद कधी, कोणाकडे गेला आणि पोच कोणत्या क्रमांकाची आली, एवढे लिहिले की ती गठ्ठ्यात पुन्हा त्याच जागी बांधावी.